आकृती सातमधली भरती

बुधवारी दुपारी गोखिवऱ्याच्या गाळ्यात मी एका बॉयलरचं दाबमापक तपासत होते. टेबलावरचा फोन थरथरला आणि पडद्यावर देवेंद्र सरांचं नाव आलं. ते नाव मी कधी काढून टाकलं नव्हतं. आठ वर्षांत दोन फोन बदलले, आणि दोन्ही वेळा दुकानदाराकडून नवा फोन हातात घेतल्यावर आधी तेवढं नाव नीट उतरलंय ना ते पाहिलं होतं. माणसं देवाचा फोटो बघतात, मी हे बघत होते. 'प्रमोदिनी, कशी आहेस? छोटंसं काम होतं. खरं तर तुझंच आहे.' शेवटी जोडलेले हात. यंत्रावर दहाचं वजन ठेवलेलं होतं, काटा साडेनवावर अडकला होता, आणि मी त्या काट्याकडे बघत राहिले. मला वाटायचं, हा दिवस आला तर अन्न गोड लागणार नाही. तसं काही झालं नाही. सपाटून भूक लागली. डबा उघडून मी दोन्ही पोळ्या भाजीशिवाय खाऊन टाकल्या, मग लिहिलं, 'मजेत आहे सर. पाठवा.'

गाळ्यात मी दाबमापकं तपासते आणि त्यांच्यावर पुढच्या तारखेची चिकटपट्टी लावते. बॉयलरची, कॉम्प्रेसरची, कामणकडच्या गोदामांतल्या आग विझवायच्या पंपांची. काटा खरं सांगतो की नाही एवढंच बघायचं. याआधी मी बांद्र्याच्या काचेच्या ऑफिसात बसून जमिनीखालच्या तेलाच्या दाबाचा अर्थ लावायचे. शेलचा खडक म्हणजे शाळेतली पाटी समजा. तिच्यात तेल असतं, पण ते हलत नाही. विहीर खोदायची, पाण्याच्या दाबाने खडकाला चिरा पाडायच्या, तेल वर येऊ द्यायचं, आणि मग विहिरीचं तोंड बंद करून तळाशी दाब मोजणारं गेज सोडायचं. आत दाब हळूहळू चढतो. तो कसा चढतो, यावरून खडकाच्या पोटात किती आहे ते कळतं. रेघ सरळ जात राहिली तर साठा लांबवर आहे. रेघ मान वाकवायला लागली तर भिंत लागली, चिरांच्या पलीकडून काही येत नाही. फक्त पाटीसारख्या दगडात ही मान वाकायला फार दिवस लागतात, आणि तेवढे दिवस थांबायचं असतं. आमच्या धंद्यातलं खरं कौशल्य हात बांधून बसण्याचं. देवेंद्र सरांच्या हाताखाली मी चार वर्षं होते. त्यांना बसायला कधी जमलं नाही. लिफ्ट यायच्या आधी तिचं बटण चार वेळा दाबणारा माणूस. पण बोलायला गोड, पोरींना 'बेटा' म्हणणारा, आणि दिवाळीला प्रत्येकाच्या घरी आठवणीने चिवडा पाठवणारा. मी त्यांना मानत होते. हे लिहिताना दात करकरतात, पण मानत होते.

मला थांबायला शिकवलं ते अप्पांनी. अप्पा म्हणजे माझे वडील, जगन्नाथ. उमेळ्याला आमची केळीची वाडी होती. तिचा आता एक तुकडा उरलाय, बाकीच्यावर सात मजली इमारत उभी आहे आणि तिच्या सावलीत आमच्या केळी वेड्यावाकड्या वाढतात. पण विहीर आमच्या तुकड्यात राहिली. पूर्वी ती अप्पांची आणि त्यांच्या चुलतभावाची सामायिक होती, आणि दर उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून भांडण व्हायचं. ते मिटवायची आमच्याकडची रीत होती. पंप लावून विहीर तळापर्यंत उपसायची, मग तिला कोणी हात लावायचा नाही. दोन्ही घरचं एकेक माणूस कठड्यावर बसवायचं, खाचा पाडलेली वेळूची काठी सोडायची, आणि पाणी किती चढलं ते दर तासाला लिहायचं. विहीर दिवसभरात किती भरते ते कळलं की पाळ्या ठरायच्या. "उपसल्यावर हिला गप बसू द्यायची," अप्पा म्हणायचे. "मग तीच सांगते पोटात किती पानी हाय ते." मी अकरा वर्षांची असताना आमच्याकडून मला बसवलं. मी तीन तास नेमाने लिहिलं, मग कैऱ्यांच्या मागे गेले आणि उरलेले आकडे अंदाजाने भरले. दर तासाला सारखी वाढ, सुंदर सरळ. अप्पांनी कागद पाहिला, बोटांवर तिथी मोजली, तिची पाऊणपट करून भरतीची वेळ काढली आणि विचारलं, "दोन वाजता भरती व्हती. तुझ्या आकड्यात खाडी कुटे हाय?" आमची विहीर खाडीपासून लांब नाही. भरतीला तिचं पाणी दोन बोटं जास्त चढतं, ओहोटीला रेंगाळतं. माझं पाणी कधीच रेंगाळलं नव्हतं. अप्पांनी मारलं नाही. चुलतकाकांसमोर कागद फाडला, म्हणाले, "माझ्या पोरीनं खोटं लिवलं, परत मोजा," आणि मला दुसऱ्या दिवशी बारा तास उन्हात बसवलं.

बांद्र्याला असताना गुजरातेतल्या एका तेलविहिरीची चाचणी माझ्याकडे आली. तिचं तोंड पंचेचाळीस दिवस बंद राहणार होतं. दाबाचे आकडे माझ्याकडे एका फायलीत आले, पंचेचाळीस दिवसांचे, सलग. खोलवरच्या गेजला फार बारीक कळतं. चंद्र समुद्राला ओढतो तसा खडकालाही ओढतो. चंद्र डोक्यावर आला की खडक केसभर सैल होतो आणि दाब किंचित उतरतो. दिवसातून दोनदा, एवढासा हेलकावा. मुख्य रेघ वाचायला तो आड येतो, म्हणून मी चंद्राच्या जागेवरून तो हेलकावा काढला आणि आकड्यांतून वजा केला. ऑफिसात कोणी असं करत नसे. मला त्याचा अभिमान होता, अप्पांची पाऊणपट मी बांद्र्यापर्यंत नेली होती. वजाबाकीनंतर उरलेली रेघ मी आकृती सात म्हणून छापली. पहिले एकोणीस दिवस ती स्वच्छ होती. त्यानंतर तिच्यात लाट आली, दिवसातून दोनदा, आणि तीही उलटी. चंद्र डोक्यावर असताना दाब चढत होता. मी दोन दिवस डोकं फोडलं, मग सरांकडे गेले आणि म्हटलं, "सर, आकृती सातमध्ये भरती उलटी आहे." ते फोनवर होते. फोनवर हात ठेवून हसत म्हणाले, "बेटा, तुझा हिशेब तपास. चंद्र काही चुकत नाही." मी पुन्हा तपासला, चूक सापडली नाही, आणि मग मी आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा केला. आकृतीखाली प्रामाणिकपणे टीप लिहिली: 'एकोणिसाव्या दिवसानंतर दिसणारा हेलकावा ही विश्लेषकाच्या भरतीच्या हिशेबातली त्रुटी आहे.' मुख्य रेघ पंचेचाळीसाव्या दिवसापर्यंत सरळ होती, मान वाकलेली नव्हती. तिच्या भरवशावर आणखी नऊ विहिरी खोदल्या गेल्या आणि आठ महिन्यांत त्यातल्या आठ आटल्या.

चौकशी झाली. लांब टेबल, सहा माणसं, पाण्याच्या बाटल्या. देवेंद्र सरांनी माझ्याविरुद्ध एक शब्द उच्चारला नाही, उलट जड आवाजात म्हणाले की मुलगी हुशार आहे, पण घाई करते, आणि घाईत रेघ चुकते. मग त्यांनी अहवाल उघडून माझी टीप वाचून दाखवली. तिनेच लिहून दिलंय की तिचा हिशेब चुकतो, आता मी आणखी काय बोलू. सहाही माणसांनी माझ्याकडे बघितलं. कुणाच्याच नजरेत राग नव्हता, कीव होती. संध्याकाळी मी वस्तू खोक्यात भरत होते तेव्हा सर आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "अनुभव म्हणून घे." त्या हाताचं वजन मला अजून टाळूवर जाणवतं. केस धुताना तिथे मी दोनदा साबण लावते. त्यानंतर ज्या ज्या ठिकाणी अर्ज केला तिथे ती टीप माझ्याआधी पोचलेली असायची. अप्पांना मी सांगितलं की कंपनी बंद पडली.  त्या वर्षी विहिरीची काठी त्यांनी माझ्या खोलीच्या कोपऱ्यात आणून उभी केली. ती मला दिलासा म्हणून होती की टोमणा म्हणून, हे मी अजूनही विचारलेलं नाही. आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट होती, जी मी कुणालाच सांगितली नाही. माझा त्यांच्यावर राग होता, पण चूक माझीच होती अशी माझी खात्री होती. अशा रागाला बाहेर पडायला वाट नसते.

त्यांचं 'छोटंसं काम' संध्याकाळी पोचलं. त्याच भागात आता नवी विहीर झाली होती, नवी चाचणी, नवा अहवाल, आणि पैसे घालणारी परदेशी कंपनी दुधाने तोंड पोळल्यामुळे ताक फुंकून पीत होती. तिची अट अशी की जुनी चूक या वेळी झालेली नाही, असं जुनी चूक करणाऱ्या विश्लेषकाने तपासून लिहून द्यावं. म्हणजे चोरी केलीस ना, आता तूच कुलूप बघून सांग. तपासणाऱ्याला हवा तेवढा अवधी मिळेल असं तिच्या पत्रात होतं, पण बैठक शुक्रवारीच होती. त्या बैठकीत करार झाला तर सर संचालक मंडळावर जाणार होते, हे त्यांनीच लाडिकपणे कळवलं होतं. जोडपत्रात संदर्भासाठी माझा जुना अहवाल होता, आकड्यांच्या फायलीसकट. नोकरी गेली तेव्हा लॅपटॉप काढून घेतला होता, त्यामुळे हे कागद मी आठ वर्षांनी बघत होते. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, अप्पा जेवून ओटीवर आडवे झाले होते, आणि मी आकृती सात उघडली.

मला आधी दिसली ती फक्त माझी टीप. मग लाट. मग तिच्या आधीचे एकोणीस स्वच्छ दिवस. मी वजाबाकी काढून टाकली आणि गेजचे मूळ आकडे मोठे करून बघितले. पहिल्या एकोणीस दिवसांत हेलकावा होता, बारीक, सरळ, चंद्राबरोबर खालीवर होणारा. विसाव्या दिवसापासून काही नव्हतं. सुंदर, गुळगुळीत चढण. दर तासाला नेमकी हवी तेवढी वाढ. कोपऱ्यात अप्पांची काठी उभी होती, आणि मला कैऱ्यांचा वास आला, खरंच आला, हाताला चिक लागल्यासारखा. ते आकडे विहिरीने दिलेले नव्हते. ते कुणीतरी सूत्राने भरले होते, आणि भरताना त्यात चंद्र घालायला विसरलं होतं. त्या आकड्यांत जी भरती नव्हतीच, ती मी वजा केली, म्हणून उलटी होऊन वर आली. माझा हिशेब बरोबर होता. आठ वर्षं बरोबर होता. मी उठून मोरीत गेले, नळ सोडला आणि हातात तोंड धरून रडले. दुःखाने नाही. आता राग करायला मी मोकळी झाले होते, आणि ते सुख फार मोठं होतं.

सेबॅस्टियन त्या विहिरीवर गेज सोडायचं काम करायचा. आमच्या वसईचाच, पापडीला घर. आता निवृत्त होऊन त्याने कोंबड्या पाळल्यात. मी फोन केला आणि आडपडदा न ठेवता विचारलं. मागे कोंबड्या बोलत होत्या. "बाय, गेज एकोनिसाव्या दिवशीच वर काढला," तो म्हणाला. "साहेबांचा फोन आलता. दिल्लीचे पाव्हने येनार, त्यांना गॅसची ज्वाला पेटलेली दाखवायची, विहिरीचं तोंड उघडा. मी बोललो अजून दिवस बाकी हायत. साहेब बोलले, बाकीचं आमी बघतो." मी विचारलं, हे कधी बोलला का नाहीस. "कुनाला बोलनार? आमाला वाटलं तुला ठावूक हाय. सही तुझी व्हती ना." मग खालच्या आवाजात, "माझं नाव घालायचं तर घाल. मी येऊन सांगेन. मला आता कसली भीती हाय?" म्हणजे तिकडे विहिरीवरच्या सगळ्यांनी आठ वर्षं मला चोर समजलं होतं आणि इकडे ऑफिसातल्या सगळ्यांनी गाढव. एका ज्योतीपायी. पाहुण्यांनी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढले असतील.

मग मी नवा अहवाल घेतला. हावरटासारखा घेतला. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, या वेळीही माणसाने तेच केलं असणार, आणि शुक्रवारच्या बैठकीत सहा माणसांसमोर मी ते उलगडून दाखवणार. पंचेचाळीस दिवसांचे आकडे एकेक दिवस ताणून बघितले. हेलकावा होता. विसाव्या दिवशी होता, तिसाव्या दिवशी होता, शेवटच्या तासापर्यंत चंद्राबरोबर उतरत आणि चढत होता. चाचणी खरी होती. रेघ सरळ होती आणि विहीर चांगली होती. माणूस सुधारला होता, किंवा घाबरला होता, आणि मला दोन्ही सहन झालं नाही. खोटेपणा सापडला नाही म्हणून इतकी निराश झालेली बाई जगात दुसरी नसेल. तेव्हा एक विचार आला, आणि तो हळूच आला नाही, चपला न काढता थेट आत आला. वेळेचा रकाना सहा तासांनी सरकवायचा. बस्स, सहा तास. वजाबाकी केली की भरती उलटी होणार, आणि तपासणारी मीच. मी तेवढं केलं. पडद्यावर पंचेचाळीस दिवस लाट उलटी झाली. देखणी दिसत होती. तिच्याकडे बघत मी दोन कप चहा प्यायले. ओटीवरून अप्पांनी हाक मारली, "काय करते गो?" मी म्हटलं, "आकडे बघते." ते म्हणाले, "बघ, बघ." मी तो रकाना पुन्हा जागेवर आणला. सज्जनपणा म्हणून नाही, तेवढी सज्जन मी उरलेली नाही. पण आकडे रचायचं सुख त्या माणसाचं होतं, आणि त्याचं उष्टं मला खायचं नव्हतं. शिवाय तोपर्यंत मला त्याहून बरं काही सुचलं होतं.

गुरुवारी चार वाजता मी त्यांना फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला. "बोल बेटा, झालं वाचून? उद्या सकाळपर्यंत सही आली की..."

"सर, आकृती सातमध्ये भरती उलटी आहे."

आठ वर्षांपूर्वी हेच वाक्य ऐकल्यावर ते हसले होते. आता पलीकडे कपात चमचा फिरत होता, तो थांबला. मी वाट बघितली. थांबणं मला जमतं.

"कोणत्या अहवालातली?" त्यांनी विचारलं.

तुझा हिशेब तपास, असं ते म्हणाले नाहीत.  भरती, ओहोटी, आकृती, त्यांना सगळं पाठ होतं. आठ वर्षं त्यांनीही ती आकृती उशाशी घेऊन काढली होती, हे त्या एका प्रश्नात मला कळलं, आणि मला गार वाटलं, भर उन्हात विहिरीच्या कठड्याला पाठ टेकवावी तसं. ते बोलायला लागले. त्या वेळची परिस्थिती, वरून येणारे फोन, तुला मुद्दाम अडकवलं नाही, टीप तू स्वतःहून लिहिलीस. मग आवाज उतरला. "प्रमोदिनी, तुला काय हवंय?"

"वेळ," मी म्हटलं. "सव्वीस दिवस."

"उद्या बैठक आहे. उद्या सही नसेल तर ते लोक परत जातील. माझं काय होईल, कळतंय ना तुला?"

"पत्रात लिहिलंय सर, तपासणाऱ्याला हवा तेवढा अवधी मिळेल. घाईत रेघ चुकते. तुम्हीच सांगितलं होतंत."

"आणि सव्वीस दिवसांनी काय लिहिणार आहेस?"

"एकोणीसपासून पंचेचाळीसपर्यंत सव्वीस दिवस होतात. तेवढे तुमच्याकडून यायचे राहिलेत. ते भरू देत, मग लिहीन." मी फोन ठेवला.

मी काय लिहिणार, ते त्याच संध्याकाळी लिहून ठेवलं होतं. एक पान. नवी चाचणी निर्दोष आहे, खाली माझी सही. दुसऱ्या पानावर जुनी आकृती सात, टीप खोडलेली, आणि नवी टीप: 'एकोणिसाव्या दिवसानंतरचे आकडे विहिरीचे नाहीत. हे मला दिसत होतं आणि मी स्वतःवर संशय घेतला. सही माझी आहे.' त्याखाली सेबॅस्टियनचं नाव, त्याला विचारून. पाकिटावर परदेशी कंपनीचा पत्ता. ते मी काठीशेजारी ठेवलं. नव्या विहिरीवर यात अन्याय झाला, कबूल आहे. ती खरं बोलत होती आणि तिचं कुणी ऐकलं नाही. तसं माझंही झालं होतं, आणि मला सावरायला कोण आलं होतं?

शुक्रवारी त्यांचे चार फोन आले. शनिवारी नऊ. रविवारी सकाळी सातपासून. मी एकही उचलला नाही, पण वेळा वहीत लिहीत गेले, गाळ्यात वजनं चढवता उतरवता, मापकांच्या आकड्यांशेजारी. दुसऱ्या आठवड्यात फोनऐवजी निरोप येऊ लागले. लांब, मग आखूड, मग नुसतंच 'प्रमोदिनी?' पहाटे जास्त, दुपारी कमी. एकदा ते उमेळ्याला आले. मी गाळ्यात होते. अप्पांनी त्यांना ओटीवर बसवलं, पाणी दिलं, आणि विहीर दाखवली. संध्याकाळी अप्पा म्हणाले, "तुझे सायब आलते. बरा मानूस हाय, पन बसवत नाय त्याला एका जागी." मी म्हटलं, "शिकतील."

एकोणिसाव्या दिवशी दुपारी निरोप आला. परदेशी लोक परत गेले होते, मंडळावर दुसऱ्याचं नाव लागलं होतं, त्यांनी राजीनामा दिला होता. 'सगळं संपलं. आता तरी सांग, काय लिहिलंयस?' समोर यंत्रावर एक काटा दहाच्या वजनाला बरोबर दहावर उभा होता. मी त्यावर चिकटपट्टी लावली, तारीख घातली, हात पुसले आणि उत्तर लिहिलं.

'अजून सात दिवस आहेत, सर.'